काकाचा वाटा

आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की विकायची मासळी आधी बाजूला होते. उरते ती घरी खायची. होडीवर जितकी माणसं, तितके तिचे छोटे ढीग करतात, त्याला वाटा म्हणायचं. कुणी तापानं घरी पडलेला असला तरी त्याचा वाटा निघतो. पाहुण्याकडे लग्नाला गेला असला तरी निघतो. मेलेल्याचा तेवढा निघत नाही.

डोंगरीच्या पुढे, उत्तनच्या बाजूला आमचं घर. त्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढे राज्यशास्त्रात एम.ए. केलं, आता भाईंदरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मी पास झालो तेव्हा काकानं अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. पदवी कशातली, ते मात्र त्याला एकालाही सांगता आलं नाही. ‘मोठी हाय,’ एवढंच सांगत फिरला.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. एका हंगामात आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं. घरी बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. ती बोट मासळीच्या मागे जात जात पलीकडच्या देशाच्या पाण्यात शिरली. त्यांच्या गस्तीच्या बोटीनं सगळ्यांना धरून नेलं आणि तुरुंगात घातलं. आमची होडी दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेली, त्या पहिल्याच दिवशी बाबांनी काकाचा वाटा वेगळा काढला आणि काकीच्या टोपलीत टाकला.

तेव्हापासून काकी मला दोन देशांचं विचारायला लागली.

मी समजावायचो. शिक्षा थोडी असते, ती संपतेही, पण सुटका दोन्ही सरकारांचं बोलणं सुरू असलं तरच होते. संबंध बरे असले की सदिच्छा म्हणून मच्छीमारांना सोडतात.

“सदिच्छा म्हंजे काय रं बाला?”

“म्हणजे समोरच्याला बरं वाटावं म्हणून.”

“मंग आमाला बरं वाटावं म्हून कोन सोरनार?”

बाबा जाळं शिवता शिवता म्हणाले, “एमे केलाय त्यानं. सरकार न्हाय तो.”

एकदा कुठल्याशा तिसऱ्या देशात परिषद होती. आपले मंत्री येणार होते, त्यांचेही. काकी टीव्हीसमोर येऊन बसली आणि मला म्हणाली, “आवाज बंद कर. बोलन्यातलं मला काय कलत न्हाय. हात मिलवतान का तेवरं बघू.” आम्ही मुक्या टीव्हीकडे बघत राहिलो. सगळे मंत्री फोटोसाठी ओळीनं उभे राहिले. ते दोघे ओळीच्या दोन टोकांना होते. फोटो झाला, ओळ मोडली, दोघे दोन दारांनी गेले.

“हात मिलवाला काय जातं यांचं?” काकी म्हणाली. “झिजतान काय हात?”

मुत्सद्देगिरीत हस्तांदोलन न करणं हासुद्धा एक संदेश असतो, हे मी वर्गात शिकवतो. मुलं लिहून घेतात. घरी ते वाक्य माझ्या तोंडातून कधी निघालं नाही.

काकाची शिक्षा संपून गेली होती. तो आमचाच माणूस आहे ना, याची चौकशी करायला पोलीसही येऊन गेले होते. काकीनं त्यांना चहा दिला, काकाचा लग्नातला फोटो दाखवला. आता येईल, असं मलाही वाटलं. मग सीमेवर बिनसलं. फाटक बंद झालं, बोलणी थांबली, आणि सुटायच्या बेतात असलेले सगळे आतच राहिले. तिथे काकाला कावीळ झाली.

फोन मला आला, कारण पोलिसांना नंबर माझा दिला होता. काका गेल्याचं घरात मीच सांगितलं. काकी ओट्याजवळ उभी होती, ती खाली बसली.

संध्याकाळी होडी आली. बाबांनी ढीग केले आणि काकाचाही केला. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, “आता कशाला रं?”

“आला न्हाय अजून तो,” बाबा म्हणाले.

त्याला यायला महिना उलटून गेला. माणूस मेला तरी कागद दोन्हीकडून हलावे लागतात. तोवर रोज वाटा निघाला आणि काकीनं हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहू दिल्या. पेटी आली, आम्ही त्याला पोचवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून होडीवर एक ढीग कमी झाला.

पुढे कधीतरी दोन्हीकडच्या मंत्र्यांनी हात मिळवले. मी काकीजवळच टीव्हीसमोर बसलो होतो. तिनं नीट पाहिलं. “मिलवलं,” म्हणाली आणि स्वतः उठून टीव्ही बंद केला.

त्यानंतर जे मच्छीमार सुटले, त्यांतला डहाणूकडचा एक जण पत्ता शोधत आमच्याकडे आला. तो काकाच्याच बराकीत होता. त्या दिवशी बाबांनी पुन्हा एक जास्तीचा वाटा काढला. काकीनं कालवण करून त्याला वाढलं. तो खाली मान घालून बराच वेळ जेवला. मग म्हणाला, “रोज संध्याकाळी आम्हाला सांगायचा, आज माझ्या वाट्याला काय आलं असेल ते. थंडी पडली की म्हणायचा, आता बोंबील. ती सुकवून ठेवत असेल.”

काकी आत गेली आणि पत्र्याचा मोठा डबा घेऊन आली. त्यात सुके बोंबील होते. काकाच्या वाट्यातले जेवढे सुकवता आले तेवढे तिनं सुकवले होते आणि उन्हं दाखवून दाखवून टिकवले होते. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

“घरी ने,” ती त्याला म्हणाली. “पोरांना दे.”

“वहिनी, एवढे नको.”

“त्याचा वाटा हाय. न्हाय नको म्हनू.”

तिनं सगळे बोंबील त्याच्या पिशवीत ओतले. तो गेल्यावर मोरीत बसून तिनं तो डबा राखेनं घासला, आणि अंगणात उन्हात उपडा घातला.