पोस्टमास्तर भिंतीमागं

नासिरमामूनं उभ्या जिंदगीत लोकायची कुलपं उघडून देली. बोरी अरबच्या बजारात त्याची टपरी. स्टोव्ह, छत्री, ट्रंक, बॅटरी, जे मोडलं ते त्याच्याकडं येत होतं, पण नाव झालं ते कुलपायसाठी. कोणाची चाबी हरपली की माणूस घामाघूम होऊन टपरीवर ये, अन् मामू हातातला घास ताटात ठेवून उठे. दाराबाहीर उभ्या माणसाले ताटकळत ठेवणं त्याच्यानं होत नव्हतं.

अन् त्याच माणसाच्या पोरीनं, जियानं, यवतमाळात लोकायले कोंडून ठेवाचा धंदा काढला.

जिया पुण्याले शिकली, तिथंच तिनं हे खूळ पाहिलं. एस्केप रूम म्हणते त्याले. नवरा साद बी तिच्याच चालीचा निंघाला. दोघायनं दारव्हा रोडवर बंद पडलेल्या कापडदुकानावरचा हॉल घेतला अन् बापाले पाहाले बोलावलं.

"म्हणजे लोक तिकीट काढून आत जातीन," मामू विचारे, "तू बाहीरून कडी लावशीन, अन् मंग ते बाहीर येवाची कोशिश करतीन?"

"हो अब्बा. एका घंट्यात."

"त्यापेक्षा आत जाऊच नये ना."

साद खो खो हासला. जिया नाही हासली. बाप-लेकीचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं वऱ्हाडीत चाले, अन् ताव आला की जिया पुऱ्या हिंदीवर जाये. "अब्बा, ये कहानी है. आप अंदर आके देखो तो."

आत एक जुनं पोस्ट उभं केलतं. लाकडी काउंटर, त्याच्यावर घंटी, पार्सल तोलाचा काटा, लोखंडी तिजोरी, भिंतीले गावातल्या घरायच्या नंबराचे चौकोनी खण. कहाणी अशी, की साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गावचा पोस्टमास्तर आठ दिवसापासून गायब हाये. ड्रॉवरमधी एक पत्र तसंच पडून हाये, त्याच्यावरचा पत्ता शाई फुटून गेलेला. रजिस्टर पाहून, काटा तोलून, तिजोरी उघडून हुडकाचं की पत्र कोणाचं. बरोबर खणात टाकलं की बाहीरचं दार उघडते.

"पोस्टमास्तर गायब काहून झाला?" मामूनं विचारलं.

"वो इम्पॉर्टंट नहीं है अब्बा."

मामू गोंधळला. माणूस आठ दिवसापासून घरी नाही अन् हे इम्पॉर्टंट नाही? पण पोरीच्या हाताले सिमेंट लागलं होतं, डोळे झोपेवाचून लाल झालते. तो पार्सलचा काटा बोटानं दाबून पाहाले लागला.

हे उघडणं-बिघडणं सारं एका इलेक्ट्रॉनिक बोर्डानं होणार होतं. तो बोर्ड एप्रिलच्या गरमीत दोनदा जळाला. नवा पुण्याहून याले पंधरा दिवस लागणार होते, अन् इकडं तिकिटं वाटून झालती. मंग मामूनं आपली अक्कल लावली. खणायच्या मागं प्लायची भिंत होती, भिंतीमागं माणूस बसन एवढी जागा. त्यानं सायकलच्या ब्रेकच्या चार केबली आणल्या. लाल टेप ड्रॉवरची, पिवळी काट्याची, हिरवी तिजोरीची, काळी मोठ्या दाराची. एका खणाच्या फटीतून आतलं दिसे. आत उत्तर बरोबर निंघालं की मामू भिंतीमागून केबल ओढे अन् ड्रॉवर खट्कन उघडे. पंखा लावता येत नव्हता, आवाज गेला असता. मामू बनियनवर बसे, पाण्याची बाटली मांडीत धरून.

पयल्या दिवशी बँकेतली मंडळी आली. दहा मिनिटं ड्रॉवरशी झोंबली. त्यायच्यातल्या जाड्या साहेबाच्या मानंवरून घाम ओघळताना पाहून मामूनं लाल केबल ओढली.

"अब्बा, काहून खोललं तुमी? उत्तर कुठी आलं होतं?"

"बिचारे परेशान होऊन राह्यले होते व."

"परेशान व्हाले तर आले ना ते!"

हे काही मामूच्या डोक्यात घुसेना. दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, आता कोणाची कीव करणं नाही. मंग कॉलेजची पोरं आली. त्यायनं काट्यावर बरोबर वजनं ठेवली, पण आपसात इतका गलका केला की मामूले वाटलं यायनं अंदाजानंच ठेवली असतीन. तो हाललाच नाही. पोरायनं शेवटी काटाच उचलून आदळला.

"अब्बा!"

"आता काय? आता तं नाही ना खोललं!"

जियानं कपाळाले हात लावला. मंग ती खाली बसली अन् लहान लेकराले समजवावं तशी बोलली. "अब्बा, सोमवारी नवा बोर्ड येऊन राह्यला. तवापर्यंत अजून एक गलती नोको. अन् बोर्ड आला की तुमी घरी आराम करा."

आराम या शब्दाचा मामूले धसका होता. बोरीच्या टपरीवर त्याचा आरामच चालू होता. स्टोव्ह गेले, ट्रंका गेल्या. कुलूप अडलं तं लोक कोयंडाच कापते अन् नवं आणते. महिन्यात दोन छत्र्या आल्या तं आल्या. दिवसभर समोरच्या मोबाइलच्या दुकानातली गर्दी पाहत बसाचं. इथं भिंतीमागं उकडून जीव जाये, पण सकाळी आठच्या एस्टीले चढताना मामूले वाटे, आपल्याले कुठीतरी जाचं हाये. त्याले ते स्टूल सोडाचं नव्हतं. पण पोरीले हे कसं सांगाचं, ते बी त्याले समजेना.

रविवारी बाभुळगावचं एक घर आलं. रामराव, त्यायची बायको विमलताई, पोरगी समीक्षा अन् पोरगा बंटी. समीक्षाच्या नोकरीची खुशी होती म्हणून तिनं आणलं होतं. बंटी अन् समीक्षा आल्या आल्या रजिस्टरावर तुटून पडले. रामराव पार्सलचा काटा पाहून खुश. "आमच्या खतबियाण्याच्या सोसायटीत असाच होता," म्हणे. विमलताईनं कशालेच हात लावला नाही. ती पोस्टमास्तरच्या खुर्चीवर जाऊन बसली, काउंटरवर पडलेला त्याचा चष्मा उचलला, पदरानं पुसला अन् परत ठेवला.

"आई, टाइम जाऊन राह्यला ना!"

"जाऊ दे. हा माणूस चष्मा सोडून गेला बाप्पा. दिसत कसं असन त्याले?" मंग ती खणायकडं पाहून मोठ्यानं बोलली, "कुठी गेला जी तुमी पोस्टमास्तर?"

भिंतीमागं मामूच्या घशात त्याच वक्ती खाज आली. त्यानं तोंडावर दोन्ही हात दाबले, तरी खोकला निसटलाच.

आत चौघंही जागच्या जागी थिजले. समीक्षा किंचाळून बंटीच्या मागं गेली. बंटी म्हणे, "रेकॉर्डिंग हाये बे ते." रामराव दाराकडं सरकले. विमलताई मात्र खुर्चीवरून उठली, पदर सारखा केला, अन् खणायच्या जवळ येऊन हळू बोलली, "बरं नाही काय तुमाले?"

गलती झालीच. आता बोलाचं की चूप बसाचं? त्यानं घाबरून जी केबल हातात आली ते ओढली. लाल. ड्रॉवर उघडला.

"पाह्य," विमलताई म्हणे, "त्यायनं पत्र देलं."

तिथून पुढं त्या खोलीचा रंगच बदलला. बंटी-समीक्षा कोडी सोडवत होते, पण आता दबक्या आवाजात, जसं कोणी घरात झोपलेलं असावं. तिजोरी उघडली, रजिस्टर जुळलं. पत्र निंघालं सुरतेहून, लखीराम नावाच्या पोराचं, त्याच्या मायले, हंसाबाईले. समीक्षानं वाचलं. माय, मी इकडंच लग्न केलं. आता गावाकडं येणं नाही. वाट पाहू नको.

"घर नंबर सात," बंटी ओरडला. "टाक आई, टाक! सात मिनिटं बाकी हायेत."

पत्र विमलताईच्या हातात होतं. ती सात नंबरच्या खणाजवळ गेली अन् थांबली.

"मी नाही टाकत."

"काहून?"

"ते म्हातारी वाट पाहून राह्यली असन. तेवढी आस तरी ऱ्हाऊ द्या तिच्याजवळ. आता समजलं मले, पोस्टमास्तर कुठी गेला नाही. त्याच्यानं हे देणं झालं नाही, म्हणून तोंड लपवून बसला."

"अवं, पोस्टाचं काम पोचवाचं," रामराव चिडले. "त्या पोरानं लिहिलं, पोस्टमास्तरले द्याच लागते. म्हातारी काय मरेपर्यंत रस्ता पाहीन? टाक ना वं!"

"तुमी चूप बसा जी. तुमाले कोणाची वाट पाहा लागली कधी?"

"आई, गेम हाये!" समीक्षा रडकुंडीले आली.

मामूच्या हातात मोठ्या दाराची काळी केबल होती. पत्र खणात पडलं तं ओढाची, नाही पडलं तं नाही, नियम असा सरळ होता. फटीतून त्याले विमलताईचा चेहरा एका हातावर दिसत होता. ती त्याच्याकडंच पाहत होती, तो दिसत नसताना.

"तुमीच सांगा पोस्टमास्तर. टाकू का नोको?"

मामूले विमलताईचं बी पटलं अन् रामरावचं बी पटलं. डोक्यात नुसता काला झाला. दोन मिनिटं गेली. बाई काही हालेना. मामूचा हात कसा वळला त्याचं त्याले समजलं नाही, मोठं दार करकरत उघडलं.

पत्र विमलताईच्या हातातच होतं.

ते गेल्यावर जिया भिंतीमागं आली. ओरडली नाही, तेच मामूले जास्त लागलं. "उत्तर गलत था अब्बा," एवढंच म्हणे.

"बरोबर कोणतं होतं?"

जिया ड्रॉवर परत लावाले आत गेली. सोमवारी बोर्ड बसला. मामू बोरीले जाऊन टपरीवर बसला.

बोर्ड झकास चाले. उत्तर आलं की दार उघडे, नाही आलं तं मुळीच नाही. लोक चाळीस मिनिटात बाहीर येत, फोटो काढत, अन् जवळपास कचोरी कुठी चांगली मिळते ते विचारत. पोस्टमास्तरचं नाव कोणी घेत नव्हतं. त्या खोकल्याचं समीक्षानं मोबाइलवर कुठंतरी लिहिलं होतं, ते वाचून दोन-चार गट आले, म्हणून सादनं आपलाच खोकला रेकॉर्ड करून बोर्डात टाकला. दर दहा मिनिटांनी खोली खोके.

दुसऱ्या आठवड्यात विमलताई परत आली. संग जाऊ अन् शेजारच्या दोन बाया. जियाले पाहून म्हणे, "बाई, आमच्या घरात आठ दिवसापासून तेच चालू हाये. हे जेवताना म्हणते द्याले पाहिजे होतं, मी म्हणतो नाही. ही माझी जाऊ, ही यायच्या बाजूनं. म्हटलं चाल, तूच टाकून पाह्य."

जिया कॅमेऱ्यावर पाहत बसली. विमलताई आत जाताच काउंटरजवळ उभी राह्यली. "मी आली जी परत." तिनं चष्मा उचलून पदरानं पुसला. थोड्या वेळानं जाऊबाई निऱ्या सावरत होती अन् खोली खोकली. विमलताईनं कान देला, मान हालवली.

"हा तो नोये. हा दुसराच कोणी हाये."

मंग तिचं मनच लागेना. जाऊ म्हणे, "आण ते पत्र, मी टाकतो." तिनं टाकलं. दार लगेच उघडलं. चौघी बाहीर आल्या, पाणी पेल्या, अन् विमलताई जियाले म्हणे, "पोस्टमास्तरची बदली झाली काय व?"

त्या सांजी जियानं बापाले फोन लावला. "अब्बा, कल आ जाओ."

"काहून? बोर्ड जळाला?"

"नाही. चांगला चालून राह्यला."

"मंग मी येऊन काय करू?"

"उस दिन आपने दरवाजा क्यों खोला? सोचून सांगा. कवा खोलाचं, कवा खोकलाचं, काही तरी नियम असन ना. मी तो बोर्डात टाकतो."

मामूनं हातातली छत्री खाली ठेवली. टपरीसमोरून एक बैलगाडी जाऊन परत आली. "बेटा, ते बाई माझ्याशी बोलून राह्यली होती," तो म्हणे. "माझ्यानं काही बोलणं झालं नाही, तं हात चालला. याचा नियम मले नाही माहीत. गलती बी असन."

"असू द्या. आठची एस्टी पकडा."

आता ड्रॉवर, काटा, तिजोरी बोर्डाकडं हाये. काळी केबल तेवढी मामूकडं. जिया म्हणे, "दार तुमच्या मर्जीनं." मामू म्हणे, "माझी मर्जी मलेच नाही समजत." तरी स्टुलावर जाऊन बसला.

पयलाच गट नर्सिंगच्या पोरींचा आला. पाच जणी, नुसता कलकलाट. पत्र निंघालं, वाचून झालं, चार जणी सात नंबर, सात नंबर ओरडाले लागल्या. पाचवीनं, मैत्रिणी तिले फिजा म्हणत होत्या, पत्र छातीशी धरलं. मैत्रिणी तिच्यावर खेकसल्या. तिनं खणाच्या फटीजवळ तोंड आणलं.

"कोणी हाये का आत? टाकू का जी हे?"

मामूले तिच्या कानातली पितळी बाळी दिसत होती. हो म्हणावं तं वाट पाहणाऱ्या म्हातारीचा चेहरा समोर ये, नाही म्हणावं तं रामरावचा आवाज. त्यानं केबल बोटाले गुंडाळली. सोडली. परत गुंडाळली. घड्याळात अकरा मिनिटं बाकी होती.

त्यानं केबल मांडीवर ठेवून देली अन् घाम पुसला. पलीकडं फिजानं मैत्रिणींना चूप केलं, भिंतीले टेकून खाली बसली, अन् पत्र पुन्हा पयल्या ओळीपासून वाचाले लागली.