आत्याच्या दारात रडायला जाताना

पुण्याहून सकाळची कोपरगावची गाडी पकडली तेव्हा पिशवीत दोन साध्या साड्या आणि एक टॉवेल-टोपी होती. पुस्तक घेतलं नव्हतं. दुखवट्याला निघालेली बाई गाडीत वाचत बसलेली बरी दिसेल का, अशी शंका मनात आली आणि पिशवीत भरलेलं पुस्तक मी पुन्हा कपाटात ठेवलं. नगर रस्त्याला लागेपर्यंत त्याचा पश्चात्ताप झाला. वाचायला काही नसलं की मला नुसता विचार करत बसावं लागतं.

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कोपरगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात ती वारली. मला फोन आला नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नातू किरण यानं दशक्रियेचा निरोप टाकला, त्यावरून कळलं. दुखवट्याला आमंत्रण नसतं, कळलं की जायचं असतं, हे मला माहीत होतं. पण मी येऊच नये म्हणून फोन केला नसेल तर?

तसं वाटायला कारण होतं. माझे वडील गेले तेव्हा आत्या रात्रभर प्रवास करून आमच्या फ्लॅटवर आली होती. दारातच तिनं हेल काढला (तिकडे बायका मेलेल्या माणसाला हाका मारत, सुरात, मोठ्यानं रडतात, त्याला हेल काढणं म्हणतात). भावाचं नाव घेऊन तिनं पहिली हाक मारली आणि माझी आई हलकेच म्हणाली, "वन्सं, हळू. शेजारी आहेत." आत्या थांबली. पदर तोंडाशी धरून आत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती गावी परतली, ती पुन्हा आमच्याकडे आलीच नाही. तिची मुलगी मंगलताई, किरणची आई, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, तिनंही नंतर बोलणं टाकलं. आता आईही नाही. आत्याच्या माहेरचं म्हणावं असं माणूस मीच उरले होते आणि मला मोठ्यानं रडता येत नाही. मला नीट मोठ्यानं बोलताही येत नाही.

पाटीवर ‘अहिल्यानगर’ लिहिलं होतं, कंडक्टर मात्र ‘नगर, नगर’ असंच ओरडत होता. नगरच्या स्टँडवर एक बाई शेजारी येऊन बसल्या. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. राहुरीला उतरायच्या होत्या. त्यांनी मी कुठे निघाले ते विचारलं. आत्या वारल्या, असं सांगितलं.

"सख्ख्या आत्या?"

"हो."

"मंग दारापासनंच रडत जा बरं. न्हाईतर लोक म्हंत्यात, पाव्हनी फिराया आली."

त्यांनी हे अगदी सहज, मेथीची मुळं झटकत सांगितलं. राहुरी येईपर्यंत त्यांनी मला आपल्या एका जावेची गोष्टही ऐकवली. ती सासऱ्याच्या दुखवट्याला आली ती गॉगल लावूनच, आणि गावानं अजून तो गॉगल विसरलेला नाही. मी माझा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

पुढचा नगर-मनमाड रस्ता खड्ड्यांचा. कारखान्यांचा हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाण्यांचा दणदणाट करत संथ चालले होते आणि आमची गाडी त्यांच्यामागे रखडत होती. अधूनमधून मळीचा (साखर बनवताना उरणाऱ्या काळ्या, चिकट रसाचा) आंबूस वास खिडकीतून आत येई. राहात्याला पेरूवाले खिडकीशी आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून एक घेतला. अर्धा खाल्ल्यावर वाटलं, तोंडाला पेरूचा वास घेऊन आत्याच्या दारात कसं रडायचं? उरलेला रुमालात गुंडाळला आणि चूळ भरली. शिर्डीला गाडी बरीच रिकामी झाली. तिथून पुढे मी मनातल्या मनात सराव करत होते. ‘आत्या गं’ म्हणायचं की ‘आई गं’? नाव घ्यायचं का? ओठ हलले असावेत, कारण समोरच्या गृहस्थांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

कोपरगावहून जीप मिळाली. मी जीपवाल्याला सांगितलं, दहाव्याचं घर. त्यानं मान हलवली आणि गावात शिरल्यावर एका मांडवापाशी मला उतरवलं. चौदा-पंधरा वर्षांत गाव ओळखू न येण्याइतकं बदललं होतं. मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं, प्रत्येक ओट्याला फरशी. मांडवात पुरुष खुर्च्यांवर बसले होते आणि दारात बायका. एकही चेहरा ओळखीचा नव्हता, पण इतक्या वर्षांनी तो असावा तरी कसा? ओट्यावरच्या एका म्हातारीनं मला पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि हेल काढला. मी पुढे झाले. तिनं मला गळ्याशी धरलं. तिच्या लुगड्याला तंबाखूचा आणि धुराचा वास होता. काय झालं सांगता येत नाही, पण मी रडले. मोठ्यानं, सूर लावून, शेजारीपाजारी कोणाचा विचार न करता. आईच्या वेळी आमच्या फ्लॅटमध्ये सगळे कसे खुर्च्यांवर बसून होते, ते डोळ्यांपुढे आलं आणि आणखी रडले.

डोळे पुसून आत पाहिलं. हार घातलेल्या फोटोत पटका बांधलेले एक आजोबा होते.

"इंदूआत्याचं घर..." मी म्हणाले.

म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "इंदीचं घर मारुतीच्या म्हागं हाय. तिचं बी उद्याच दहावं. हे आमचं मालक."

"चुकले मी. माफ करा."

"माफी कशाची? रडली तर रडली. मालकाला तेवढंच एक मानूस वाढलं." बायकांमध्ये पदराआड हसू फुटलं. म्हातारीनं मला पाणी दिलं आणि स्वतः उठून काठी टेकत माझ्याबरोबर निघाली. वाटेत तिनं दोघींना थांबवून माझी हकीकत सांगितली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

आत्याच्या घराशी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. मंगलताई उंबऱ्यात बसली होती. केस पांढरे झालेले, हात शेतात राबणाऱ्या बाईचे. नवरा गेल्यापासून ती आईकडेच राहून शेत करते. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आलीस व्हय नंदे," ती माझं नाव घेऊन म्हणाली. "आमच्यासाठी काय ठिवलंय का समदं तिकडंच सांडलंस?"

मी उभी होते. रडायला हवं होतं, आणि आता डोळे कोरडे ठणठणीत होते. ज्याची दिवसभर भीती वाटत होती, नेमकं तेच घडलं. आत्याच्या दारात मी मुकी उभी होते आणि सगळं गाव बघत होतं.

मग मंगलताईनंच हेल काढला. माझ्याकडे न बघता, आतल्या फोटोकडे तोंड करून.

"आई गंऽ, तुझ्या म्हायेरचं मानूस आलं गंऽ... उठून बघ की गंऽ... भावासाठी रातचा दिस करून गेल्तीस गं आई... दारात तुला गप केलं गंऽ... तुझं रडू तिथंच अडकलं हुतं गं आई... मरस्तोवर सांगत हुतीस गंऽ... तुझ्या भावाला कुनीच रडलं न्हाई गंऽ..."

हेलातल्या शब्दांना उत्तर द्यायचं नसतं, ते मेलेल्या माणसाशी चाललेलं बोलणं असतं. मी तिच्याशेजारी बसले आणि ऐकत राहिले. आत्या रागावली आहे असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती आपल्या अपमानाचं बोलतच नव्हती. माझ्या वडिलांना कोणी रडलं नाही, याचं तिला वाईट वाटत होतं. मी मंगलताईच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळानं ती थांबली, चेहरा पुसला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "चहा घेतीस का? गुळाचा हाय."

सुतकात घरात फोडणी पडत नाही. संध्याकाळी भावकीतून बाजरीच्या भाकरी आणि उकडलेल्या मुगाचं वरण आलं. मंगलताईनं मला वाढलं, पण बोलली ती दुसऱ्यांशीच. कोणाच्या कांद्याला काय भाव आला, पाट कधी सुटणार, किरणच्या बायकोनं मोटरचं बटण दाबलं की नाही. मध्येच म्हणाली, "भाकर चावंना का तुला?" मी म्हटलं, चावते. तेवढंच.

सकाळी नदीकाठच्या घाटावर दशक्रिया झाली. नदीत पाणी बेताचंच होतं. खुर्च्या, मांडव, लाउडस्पीकर, प्रवचनाला महाराज. प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं. एका पुढाऱ्यानं आत्याला शांत आणि मनमिळाऊ म्हटलं तेव्हा शेजारी बसलेली मंगलताई पुटपुटली, "मनमिळाऊ? आख्खं गाव भ्यायचं आईला." पिंडाला कावळा लगेच शिवला. "तिला कुठं बी पयली घाई," ती म्हणाली. ती हे मला म्हणाली की स्वतःशीच, ते कळलं नाही. नंतर माहेरचा आहेर पुकारला. बाईमाणसानं द्यावा की नाही, या विचारात मी बसून राहिले. मंगलताईनं कोपरानं ढोसलं. "ऊठ. दुसरं कोन हाय?" मुंडण केलेल्या किरणच्या डोक्यावर मी टोपी ठेवली. ती जरा मोठी झाली, कानांवर उतरली.

दुपारी निघाले. दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, आणि घरच्यांनीही ‘ये’ म्हणायचं नसतं, पोचवायला जायचं नसतं. मी पिशवी उचलली. मंगलताई धान्य पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. हा रिवाज होता, की दुसरं काही? जीपमध्ये बसेपर्यंत मी स्वतःला तोच प्रश्न विचारत होते. रिवाज पाळणारं माणूस आणि तोंड फिरवून बसलेलं माणूस, दोघं अगदी सारखी दिसतात. इतका लांबचा प्रवास करून मी तो फरक न कळताच परत चालले होते.

कोपरगाव सुटून बराच वेळ झाला तेव्हा फोन वाजला. नंबर किरणचा, आवाज मंगलताईचा.

"शीव वलांडली का?" (शीव म्हणजे गावाची हद्द.)

"केव्हाच. गाडी शिर्डीच्या जवळ आलीय."

"मंग आता बोलाया हरकत न्हाई." मागे धान्य पाखडल्याचा आवाज येत होता, दुसरं कोणी पाखडत असावं. "आमच्यात आता वरीसभर सन न्हाई. लगीन न्हाई, बारसं न्हाई. तुला यायला कायबी निमित्त न्हाई."

"हो," मी म्हणाले.

"तर अशीच ये. आनि उन्हाळ्यात ये, कांदा काढायचा असतो. बसून खाऊ घालायला मला येळ न्हाई."

फोन बंद झाला. पुढे राहात्याला पेरूवाले पुन्हा खिडकीशी आले, मी पैसे काढेपर्यंत गाडी सुटलीसुद्धा. पुण्याला पोचायला उशीर झाला. दिवा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून मे महिना काढला आणि कांद्याची काढणी नेमकी कोणत्या आठवड्यात असते, ते मंगलताईला विचारायला फोन उचलला.