तुळशीबागेतलं मंगळसूत्र

आमच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या त्या बाई अविवाहित आहेत, हे फक्त मला ठाऊक होतं. कारण त्यांची फाइल माझ्याकडे असायची. मशीन सुरू करताना त्या मंगळसूत्र कॉलरच्या आत खोचत आणि चहाच्या सुट्टीत आठवणीने बाहेर काढत.

"तुळशीबागेतून आणलंय," त्या मला एकदा म्हणाल्या. "स्थळं सुचवणारे गप्प बसतात."

सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांची मुलाखत झाली, तेव्हा फाइल घेऊन मी साहेबांशेजारी बसलो होतो.

"बाई, मुलंबाळं सांभाळून झेपणार का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

मी मान खाली घातली. बाईंनी मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं.

"नवरा नाही, मुलं नाहीत. आता बोला."

साहेबांनी ते मणी बोटाने बाजूला सारले.

"अहो, पण उद्या लग्न केलंत म्हणजे?"