डाव्या पायातली साखळी

पाय कुठला, हे मी चुकले. अर्जात मी लिहिलं, कैद्याच्या उजव्या पायात साखळी आहे. साखळी डाव्या पायात होती. त्यानंतर मी कोर्टात तोंडावर पडले, पण ते सोडा. भोगलं हल्केनं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठ तालुक्यातल्या एका गावातून फूलवती नावाची बाई झाशीत खंडेराव गेटपाशी माझ्या ऑफिसात आली. नवरा हल्के, गवंडीकाम करणारा. मारामारीच्या केसमध्ये दीड वर्ष जेलात होता, अंडरट्रायल. म्हणजे खटला चालू, गुन्हा शाबीत झालेला नाही. त्याला मधुमेह होता. पायाची जखम चिघळली म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात आणलं होतं, आणि तिथं पोलिसांनी त्याचा पाय साखळीनं खाटेला बांधून टाकला होता.

"बाई साब, रात-दिन साँकर डरी है," फूलवती म्हणाली, म्हणजे रात्रंदिवस साखळी घातलेली, आणि तिनं स्वतःच्या घोट्यावर हात ठेवला.

ती माझ्या समोर बसली होती. तिचा तो पाय माझ्या उजव्या हाताला. मी लिहिलं, उजवा. समोरच्याचा डावा आपल्या उजवीकडे येतो हे बालवाडीतल्या पोराला कळतं. पंचवीस वर्षं वकिली केलेल्या मला कळलं नाही. दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर होता. मी गेले नाही, कारण मी निवाडे शोधण्यात गर्क होते. अकरा सापडले. अर्ज इतका देखणा झाला की मी तो सुनेला वाचून दाखवला. तिनं कुकरच्या तिसऱ्या शिटीपर्यंत ऐकून घेतला.

कायदा तसा सोपा आहे. कैद्याला साखळी घालायची तर पोलिसांना मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि कारण लेखी द्यावं लागतं. 'पळून जाईल' एवढं पुरत नाही. का पळेल, तेही सांगावं लागतं.

मॅजिस्ट्रेटनं पोलिसांकडून रिपोर्ट मागवला. तारखेला सरकारी वकिलानं तो वाचला.

"हुज़ूर, बंदी के दाहिने पैर में कोई ज़ंजीर नहीं है।"

संपला रिपोर्ट. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लिहिणारा खाटेजवळ उभा राहिला असेल, त्यानं डाव्या पायातली साखळी पाहिली असेल, आणि मग शांतपणे उजव्या पायाबद्दल लिहिलं असेल. मी पुष्कळ खोटं बोलणारे पाहिलेत, पण इतकं निर्लज्ज खरं पुन्हा ऐकलं नाही.

मॅजिस्ट्रेटनं माझ्याकडे पाहिलं. "वकील साहिबा, आपने खुद देखा है?"

"जी, पत्नी ने बताया है।"

"यानी नहीं देखा।"

अर्ज खारिज. अकरा निवाडे कुणी उघडलेसुद्धा नाहीत.

बाहेर फूलवती उभी होती. तिला सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा घोट्यावर हात ठेवला. या वेळी मी तिच्या शेजारी उभी होते. तेव्हा मला डावा-उजवा कळला.

तशीच कोट न काढता दवाखान्यात गेले. हल्के भिंतीकडे मान करून पडला होता. साखळी ब्लँकेटखाली. पायाची दोन बोटं काळी पडत होती. खाटेच्या दांड्याचा रंग साखळीनं घासून गेलेला, लोखंड चकचकीत. शेजारी स्टुलावर दीवानजी, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, मोबाइल बघत बसलेले.

"दीवानजी, इसे खोलिए।"

"माताजी, चाबी तो सुबह की ड्यूटी वाले ले गए।"

"और टट्टी-पेशाब?"

"डिब्बा है न।"

"अरे, हा माणूस उठून पाणी पिऊ शकत नाही, पळणार कुठे?" रागात मी मराठीत बोलले.

पलीकडच्या खाटेजवळची सिस्टर वळली. "तुम्ही मराठी आहात?"

तिचं नाव सुनीता. साताऱ्याकडची. नवरा फौजेत, जवळच्या बबीना छावणीत पोस्टिंग. मी म्हटलं, आम्ही झाशीचेच, सात पिढ्या. ती म्हणाली, "तरीच. तुमचं मराठी जुन्या नाटकातल्यासारखं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, साखळीखालची जखम मला साफच करता येत नाही. मी केसशीटवर रोज लिहिते. कागद तुमच्या हातात देता येणार नाहीत. पण कोर्टानं मागवले तर कोण अडवणार?"

केसशीट म्हणजे पेशंटच्या खाटेला लटकणारे उपचारांचे कागद. मी अर्धा तास त्यांच्याशेजारी उभी होते आणि ते मला दिसले नव्हते.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. पाय डावा. मागणी एकच, केसशीट मागवा. पण तारखा काय आपल्या घरच्या असतात? आठ दिवस गेले.

मॅजिस्ट्रेटनं पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं: ड्रेसिंग अपुरं, साखळी उघडली नाही, चावी गार्डकडे नाही. दुसरं पान, तेच. तिसरं पान, तेच.

"हुज़ूर, सुरक्षा का मामला है," सरकारी वकील म्हणाला.

"परमिशन किसने दी?"

परवानगी मागितलीच नव्हती कुणी.

साखळी त्याच संध्याकाळी निघाली. दोन बोटं मात्र कापावी लागली. हल्केला पुढे जामीन झाला, आता तो लंगडत गवंडीकाम करतो. नंतर पोलिसांची खात्यातली चौकशी झाली, तीत काय निघालं? 'भविष्यात दक्षता घ्यावी' असं एक पत्र. कुणी कुणाला लिहिलं, तेही त्यातून कळत नाही. गुन्हा शाबीत न झालेल्या माणसाची बोटं गेली, आणि जबाबदार म्हणून एक नावसुद्धा कागदावर आलं नाही. ते पत्र आठवलं की आजही माझा चहा गार होतो.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पुस्तक उघडू देत नाही, आधी खाटेपाशी पाठवते. त्या बाहेर जाऊन हसतात. हसू देत.

निकालानंतर मी सुनीता सिस्टरचे आभार मानायला गेले होते. ती बेसिनपाशी हात धूत होती. मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या त्या ओळींनी केस जिंकली."

तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "जिंकली कसली, काकू? मी पहिल्या दिवसापासून लिहीत होते. तुम्ही आधी आला असतात, तर त्याची बोटं राहिली असती."