पालक सोबत हवेत

आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो. साताऱ्यातून कासकडे चढणाऱ्या रस्त्यावर घर आहे, त्यामुळे फुलांच्या दिवसांत ॲपवरच्या बुकिंगला तोटा नसतो. तिथे आमच्या जागेच्या माहितीत मी ठळक लिहून ठेवलं आहे: अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक हवेत. हे शहाणपण मला कॉलेजातल्या काही पोरांनी शिकवलं. थोरल्या भावाच्या आधारकार्डावर खोली घेऊन त्यांनी बाटल्या गार करायला आमच्या पाण्याच्या टाकीत सोडल्या होत्या. तेव्हापासून मिसरूड न फुटलेला पाहुणा दारात दिसला की आधी माझं डोकं तापतं, मग चहाचं आधण.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक बुकिंग आलं, पुरुषाच्या नावाने. दुपारी दारात उभी राहिली ती मात्र एक पोरगी. पाठीला सॅक, पायात पळायचे बूट, वेणी घट्ट आवळलेली. सोबत कुणी नाही. बुकिंग चुलतभावाने करून दिलं, तो येणार नाही, असं तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं. वय विचारलं तर सतरा. मी म्हटलं, बाळ, आल्या पावली परत फीर, मला हे जमणार नाही.

ती फिरली नाही. पलूसजवळच्या खेड्यातून एसट्या बदलत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात खेळाडू मुलींच्या वसतिगृहासाठी निवड होती, पळण्याची. वडिलांना पोरीनं मैदानावर पळलेलं चालत नव्हतं, म्हणून ती आजोळी गेलीय असं घरात सांगितलं होतं. आईला सगळं ठाऊक होतं. एकदा निवड झाली की आई मामाला मध्ये घालून वडिलांचं मन वळवणार, असा त्या मायलेकींचा बेत. मला राग आला, तिचा आणि तिच्या आईचाही. पण ती बोलताना सॅकचा पट्टा नुसता पिळत होती, ते पाहून राग टिकेना. मी तिला अंगणात खुर्ची दिली, आईचा नंबर घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

आई गोठ्यातून बोलत असावी, मागे म्हैस ओरडत होती. आवाज इतका दबका की मला गॅस बंद करावा लागला. "ताई, एक रात ठिवून घ्या. पण ह्येंच्या कानावर जाऊ दिऊ नगा," एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती. मी हो म्हटलं. तिला वर एकटीला ठेवायचं नाही, खाली आपल्याजवळ निजवायचं, असं मनाशी ठरवून बाहेर आले.

तोवर अंगणात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ह्यांच्या लेखी आधारकार्डाला काडीची किंमत नाही. माणूस कळला असं कधी म्हणायचं, तर त्याचं गाव कळलं, भावकी कळली, आजोळ कळलं की. आपल्या भागातला पाहुणा असला तर चहाचा कप रिकामा व्हायच्या आत हे त्याच्याशी नातं काढतात आणि लॉटरी लागल्यासारखे खूश होतात. मी आत फोनवर होते तेवढ्यात ह्यांनी पोरीला गाव विचारलं, आडनाव विचारलं. ते गाव ह्यांच्या पलटणीतल्या दोस्ताच्या गावाशेजारचंच निघालं. मग काय, लगेच त्याला फोन. "अगं, ही आपल्या दोस्ताच्या भाच्याच्या सोयऱ्यातली निघाली!" मी दारात येताच ह्यांनी आनंदाने सांगितलं.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ह्यांना आत ओढून आईशी झालेलं बोलणं सांगितलं. ह्यांनी दोस्ताला पुन्हा फोन लावला तर तो म्हणाला, मी फक्त तिच्या चुलत्याला विचारलं. दिवेलागणीला आमचा फोन वाजला. वडील होते. पोरगी हलू देऊ नका, मी निघालोय, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या घडीपर्यंत गावात काय झालं होतं हे आम्हाला दोस्तानेच कळवलं. पोरगी साताऱ्यात लॉजवर सापडली, सोबत कोण आहे ते अजून कळलं नाही, असं पारावर चाललं होतं.

पोरीने सॅक पाठीला लावली आणि निघाली. मी दार लावून दारातच बसले. आता रस्त्यावर सापडलीस तर गाव बोलतंय तेच खरं ठरेल, म्हटलं. ती समोर उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "मला मारतील, ते चालंल. पण काकी, आईचं नाव घेऊ नका. मागं एकदा तिला घराबाहेर काढलंय."

उंब्रज ओलांडलं असेल, आता पोवई नाक्यावर असतील, असं मी मनात मोजत राहिले. भाकरी थापली ती तव्यावर करपली. मला भीती वाटत होती, स्वतःचीसुद्धा. अल्पवयीन पोर घरात ठेवलं म्हणून उद्या पोलीस आले, तर आईशी बोलले होते हाच माझा एकमेव आधार होता.

वडील कुणाच्या तरी पिकअपमधून उतरले. शिडशिडीत माणूस, पायाला शेतातला चिखल तसाच. लेकीकडे न बघता सरळ वर गेले. दोन्ही खोल्या पाहिल्या, कॉटखाली वाकून पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. कुणी नव्हतंच, पण खाली आल्यावरही त्यांचा श्वास बसला नव्हता. मग माझ्यापुढे उभे राहिले.

"तिच्या आईला ठावं हुतं का? इचारलं हुतं तुमी?"

ह्यांनी तोंड उघडलं. ह्यांना खोटं जमत नाही, आयुष्यात जमलेलं नाही. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी आधी बोलले.

"नाही. मी कुणालाच विचारलं नाही."

"पोर बघून बी न्हाई?"

"नाही."

त्यानंतर ते मला जे म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही. बायका ठेवणाऱ्या घरांना काय म्हणतात, त्यातलं होतं. मी कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही, सासूचंही घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी खाली मान घालून सगळं ऐकलं. हे उठायला लागले तेव्हा ह्यांची बाही मी घट्ट धरून ठेवली.

वडिलांचा फोन सारखा वाजत होता. सापडली का, सोबत कोण आहे, गाव विचारत होतं. शेवटी त्यांनी तो बंद केला आणि पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने लेकीला म्हणाले, "आत्ता घिऊन गेलो तर गाव म्हणंल लॉजवरनं आणली. सकाळी पळ. नंबर आला तर मला सांगता यील, कशाला आलतीस."

ती दया नव्हती, पण पोरीला तेवढी पुरली. ती माझ्याजवळ निजली, वडील वर. आमच्याकडे त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

सकाळी मैदानावर आम्हीही गेलो, लांब उभे राहिलो. ती अशी पळाली की जणू मागे अख्खं गाव लागलं होतं. निवड झाली. वडिलांनी छातीवरच्या नंबरासकट तिचे फोटो काढले आणि तिथूनच गावाच्या ग्रुपवर टाकले. एकाही फोटोत ती हसली नाही. निघताना ह्यांच्याजवळ आली. "काका, फोन करायच्या आधी मला इचारायचं हुतं," एवढं म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. हल्ली हे पाहुण्यांना चहात साखर किती एवढंच विचारतात.

पुढच्याच आठवड्यात ॲपवर आम्हाला एक तारा मिळाला. चुलतभावाच्या नावाने लिहिलं होतं, पण बोल वडिलांचे होते: ही बाई पालकांना न विचारता वयात आलेल्या पोरी ठेवून घेते. ॲपवाल्यांनी खुलासा मागितला. मी सगळं खरंखरं टाइप केलं, आईच्या फोनसकट. मग एकेक ओळ पुसली. चूक झाली, एवढं पाठवलं. हंगाम संपेपर्यंत आमच्या खोल्या ॲपवर बंद राहिल्या.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे म्हैस ओरडत होती. पोरगी वसतिगृहात रुळलीय, मामा पोचवून आला, असं आई म्हणाली. आवाज आता तितका दबका नव्हता.

"ताई, त्येंनी मला एक शब्द इचारला न्हाई," ती म्हणाली, आणि म्हैस पान्हवली म्हणून तिने फोन ठेवला.