पिशवी काढायला निघालेली बाई

पाळी नसताना मधेमधे रक्त जायला लागलं, तेव्हा गल्लीनं निकाल देऊन टाकला: पिशवी काढ, सुटशील. आमच्या गल्लीत कितीतरी बायकांनी गर्भपिशवी काढलेली. मला मात्र ती द्यायची नव्हती. लेकरं झालेली, आणखी नको होती; तरी माझी वस्तू माझ्यापाशी राहावी, एवढंच वाटायचं. पण मी कसली बोलते! जगाला शहाणपण शिकवणारं माझं तोंड स्वतःपुरतं बंद पडतं.

सोनोग्राफीत आत मांसाचा कोंब दिसला, पॉलिप. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. मी मान हलवली आणि भीतीपायी एक अक्षर डोक्यात ठेवलं नाही. पिशवीच काढणार, हे मी धरूनच चालले.

आमच्या अणदूरहून निघतानाचा थाट काय सांगू! वळकटी, स्टोव्ह, पातेलं, पीठ, अन् सोबत थोरल्या जाऊबाई. त्यांची पिशवी तिशीच्या आतच काढलेली, म्हणजे घरातल्या अनुभवी. शेजारणी रडल्या. मीही सगळ्यांना माफ करून टाकलं, सासूबाईंनासुद्धा. वर उपाशी! ऑपरेशनला उपाशी जातात, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"राहायला आलात का?" डॉक्टरीणबाईंनी सामान बघून विचारलं. आधी मला चहा-बिस्किटं खायला लावली, मग तपासणीच्याच खोलीत टेबलावर घेतलं. जाऊबाई उशाशी माझा हात धरून.

"अन् भूल?"

"लागत नाही. पाळीसारखी कळ येईल. सोसलं नाही तर सांगा, थांबू."

बारीक दुर्बीण आत गेली. कळ आली तशी मी "येळकोट येळकोट!" म्हणून एवढ्यांदा ओरडले, की बाहेर बसलेल्या कुण्या बाईनं "जय मल्हार!" म्हणून साथ दिली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. समोरच्या पडद्यावर माझंच आतलं दिसत होतं: गुलाबी भिंत आणि तिला लोंबणारा वालाच्या दाण्याएवढा कोंब. चिमट्यानं धरला, ओढला.

"झालं. हा तपासायला पाठवू. पिशवीला काही केलेलं नाही."

मी उठून बसले ती रडायलाच लागले. लई आनंद झाला होता. अन् लगेच दुसरी काळजी: एवढा निरोप घेऊन आता दुपारच्या एसटीनं कोणत्या तोंडानं परत जायचं? दोन दिवस कुठं लपून बसता येईल का, असं खरंच मनात आलं. हे सांगून जाऊबाईंना हसवावं म्हणून वळले, तर त्या अजून त्या रिकाम्या पडद्याकडंच बघत होत्या.

"बाई," त्या हळूच डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "पिशवी काढायच्या आदी मलाबी असंच जायचं मधीमधी. माझ्यातबी एवढंच आसल का वो?"

डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता थांबल्या. "तेव्हा दुर्बिणीनं बघितलं होतं का?"

"न्हाय वो. बघितलं न्हाय कुणी. नुस्ती काढली."

आणि त्या माझ्या चपला पायाशी ओढून द्यायला खाली वाकल्या.