पिशवीतलं लव्हाळं

दुकानदारानं उटण्याची पुडी सोडली, नागरमोथ्याचा वास आला आणि मी पिंपळनेरच्या अक्कांनी गाईसाठी लावलेल्या लसूणघासात जाऊन उभा राहिलो. लव्हाळ्याच्या मुळातल्या गाठींना अगदी हाच वास. धुकं होतं, ओली माती पायाखाली मऊ दबत होती आणि हिरव्या घासात तितकंच हिरवं लव्हाळ्याचं तण दडलं होतं. ते माजलं म्हणून अक्कांचा दीर घास मोडायला नांगर घेऊन आलेला. मग गाईनं खायचं काय? गावोगाव शेतीची पत्रकं वाटत फिरणारा मी तिथंच तापलो. "नांगरानं गाठी रानभर पसरतील! खणूनच काढा!" मी करून दाखवलं: काडी बोटांत फिरवायची, लव्हाळ्याच्या तीन धारा लागल्या की खुरपं खोल घालायचं. निंदायला आलेल्या बाया स्वप्नात असल्यासारख्या काड्या फिरवत पुढं सरकल्या. अक्कांनी पहिली मूठ बांधावर टाकली. "तिथं नको, पाण्याबरोबर परत येईल!" मी ओरडलो. "मंग कोठे टाकू, भाऊ? तुनी पिशवीमा?" बाया खिदळल्या. मी पिशवीतली पत्रकं काखेत मारली आणि पिशवी उघडून धरली. ती भरत गेली तसा दिराचा चेहरा निवळला. शेवटी त्यानं बैल सोडले आणि खुरपं मागितलं. पत्रकांसाठी ती पिशवी मी अजून वापरतो, तिचा वास गेलेला नाही. लोक माझी पत्रकं आधी हुंगतात, मग वाचतात.